खुर्च्यांची दुरुस्ती

आत्या : दुरुस्ती? खुर्च्यांची? चिमे, त्या खुर्च्या गेल्या वर्षी बसवल्यात. अजून त्यांचा नवेपणाचा वास गेलेला नाही.

कुलगुरू : आत्या, आधी बस. पाणी घे.

आत्या : पाणी नको मला. आज चार वाजता माझं भाषण. आणि दुपारी गाडीत असताना मोबाइलवर निरोप येतो. ‘सभागृहातील आसनांच्या तातडीच्या दुरुस्तीमुळे आपले व्याख्यान पुढे ढकलण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ गैरसोय कसली? माझं भाषण न होणं ही गैरसोय, की होणं ही?

कुलसचिव : तसं नाही बाई. ते श्रोत्यांना उद्देशून आहे. नेहमीचा मजकूर.

आत्या : हे कोण बोललं मागून? अरे, तू होय! तू माझ्या वर्गात होतास ना, भूगोलाला? शेवटच्या बाकावर?

कुलसचिव : मधल्या, बाई. आता मी इथे कुलसचिव आहे.

आत्या : माहीत आहे. तेव्हासुद्धा तू ‘हजर’ अशा आवाजात म्हणायचास, की आहेस की नाहीस ते कळू नये.

कुलगुरू : आत्या, त्यांना कशाला बोलतेस? निरोप माझ्या संमतीने गेलाय.

आत्या : मग तुला बोलते. पहिल्यांदा काय, तर परीक्षा. ठीक. मग पाण्याची टाकी धुवायची होती. मग ध्वनियंत्रणा बिघडली. मी म्हटलं, वर्गात चाळीस वर्षं खडूच्या धुरळ्यात ओरडून शिकवलंय, मला माइक नको. तरी नाही. आणि आता खुर्च्या. अगं, थाप मारायची तर जरा बरी तरी मारा.

कुलसचिव : थाप नाही बाई. माफ करा, पण हे मी ऐकून घेणार नाही. आत्ता सभागृहात जाऊन बघा. माणसं लागलीत. खुर्च्या काढतायत.

आत्या : चांगल्या खुर्च्या?

कुलसचिव : मी खोटं कारण कधी देत नाही. कारण दिलं की काम काढतो. टाकीसुद्धा खरोखर धुतली होती.

आत्या : म्हणजे माझ्या भाषणाने विद्यापीठाची साफसफाई होतेय म्हणायची. आणखी दोनदा ढकला, ग्रंथालयाचं गळकं छतही मार्गी लागेल.

कुलसचिव : छताचा विचार मी केला होता, बाई. पण ग्रंथालय या कार्यक्रमात येत नाही.

कुलगुरू : पुरे. दोघंही पुरे. आत्या, तुला सगळं माहीत आहे. वक्तृत्व मंडळाच्या मुलांनी तुला बोलावलं. व्याख्यान कुणाच्या नावाचं आहे, तर मोठ्या सरांच्या. सभागृहही त्यांच्याच नावाचं. आणि तू विषय दिलास, ‘मागचं फाटक’. मग काय होणार होतं?

आत्या : काय होणार होतं? मी बोलले असते. लोकांनी ऐकलं असतं. ज्यांना पटलं नसतं ते उठून गेले असते. तूच लिहिलंयस ना ते प्रवेशद्वाराशी लावलेलं? ‘येथे प्रत्येकाला बोलण्याचा आणि प्रत्येकाला उठून जाण्याचा हक्क आहे.’ चांगलं वाक्य आहे. मी शेजारणीला वाचून दाखवलं होतं.

कुलगुरू : आणि मी ते पाळलंय. माझ्या कारकिर्दीत एकही भाषण नाकारलं गेलेलं नाही. एकही. कुणालाही विचार.

आत्या : नाकारलं गेलं नाही, हे खरं. माझं झालंही नाही, हेही खरं. सगळंच खरं. इथे खोटं कुणी बोलतच नाही, हीच पंचाईत आहे.

कुलसचिव : मॅडम, मी बाहेर थांबू का?

कुलगुरू : नको, बसा तुम्ही. हे घरचं बोलणं नाही.

आत्या : घरचं कसं नाही? बापाबद्दल आहे ते तुझ्या. काय रे, तुला ठाऊक आहे का मी काय बोलणार होते?

कुलसचिव : तपशील नाही, बाई. फाइलवर ‘हितसंबंधांचा प्रश्न’ एवढाच शेरा आहे. बाकी मोठे सर इथे कुलगुरू असतानाची ती गोष्ट आम्हाला पहिल्या दिवशीच सांगायचे. विद्यार्थ्यांचा संप होता. पोलीस आले. सर पुढच्या फाटकात हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, ‘माझ्या मुलांना हात लावायचा तर आधी मला ओलांडा.’ तो फोटो सभागृहाबाहेर आहे. मी अजून येता-जाता बघतो.

आत्या : गोष्ट खरी आहे. अगदी असंच म्हणाले. पण ते हे म्हणत होते तेव्हा मागच्या फाटकातून तिघांना घेऊन पोलिसांची गाडी निघून गेली होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराकडचं फाटक. त्यात हिचा बाप होता.

कुलसचिव : मागून नेलं, हे ऐकलंय. कुणी तरी फितूर झाला होता आतला.

आत्या : बघ, चिमे. फितूर. हा शब्द पन्नासेक वर्षं जिवंत आहे.

कुलगुरू : आत्या...

आत्या : सांगू दे मला. सभागृहात नाही तर निदान तुझ्या खोलीत. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. दादासाठी घरून डबा आणला होता. संप सुरू झाल्यापासून सगळ्या फाटकांच्या किल्ल्या सरांनी स्वतःकडे घेतल्या होत्या. मी मागच्या बाजूला गेले, तर सर स्वतः तिथे. एकटे. त्यांनी कुलूप काढलं. साखळी अशी ओंजळीत धरून खाली ठेवली, वाजू नये म्हणून. मग मान वर केली, तर फाटकापलीकडे मी. दचकले नाहीत हं. म्हणाले, ‘डबा देऊन लवकर घरी जा, बाळ.’ इतक्या मायेनं म्हणाले की मी ‘हो सर’ म्हटलं. आणि ते पुढच्या फाटकाकडे चालत गेले.

कुलसचिव : आणि पोलीस?

आत्या : माझ्या मागोमाग. आता वरच्या मजल्यावरून मुलांना काय दिसलं असेल? फाटक उघडं, डबा घेऊन एका मुलाची बहीण आत येते, तिच्यामागून पोलीस. म्हणजे फाटक कुणी उघडून ठेवलं? त्या मुलानं. बहिणीला यायला. नाहीतर मुद्दामच. तिघेही नंतर सुटले. पण बाकीचे दोघे सुटून घरी आले आणि दादा सुटून कुठेच आला नाही. त्याला पाहिलं की मुलं बोलायची थांबायची. त्यानं शिक्षण सोडलं, चष्म्याच्या दुकानात काचा घासत बसला. जन्मभर.

कुलसचिव : बाई, पण मग तुम्ही तेव्हाच... चौकशी समिती नेमली होती ना?

आत्या : नेमली होती. मी गेले होते की. पहिल्याच दिवशी. दारात बसवलं, संध्याकाळी सांगितलं, ‘तुमची साक्ष पुढे ढकलली आहे.’ दुसऱ्या दिवशी गेले, तेच. मग समिती संपली. साक्ष अजून पुढेच आहे. तू म्हणशील, चौथ्यांदा ढकललं. माझ्या हिशेबात हे पहिलंच चालू आहे.

कुलसचिव : मॅडम, मला हे खरोखर माहीत नव्हतं.

कुलगुरू : तुम्हाला माहीत असतं तरी काय वेगळं केलं असतं?

कुलसचिव : काही नाही. पण खुर्च्यांऐवजी दुसरं कारण शोधलं असतं. हे फार हलकं झालं.

आत्या : असू दे. मन चांगलं आहे तुझं, तेवढंच एक चांगलं आहे इथलं. चिमे, मी आज भांडायला आले नाही. मागायला आलेय. मला नकार दे.

कुलगुरू : काय?

आत्या : नकार. ‘तुम्हाला येथे बोलता येणार नाही.’ सही, तारीख. बास.

कुलगुरू : तुला नकार कशाला हवाय?

आत्या : कारण गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष तयार आहेत. सभागृह लहान आहे, पण आहे. मी त्यांच्याकडे गेले. भला माणूस. म्हणाले, ‘विद्यापीठानं नाही म्हटलं असेल तर उद्या घ्या. पण पुढे ढकललंय म्हणजे कार्यक्रम त्यांचाच आहे. दुसऱ्याच्या घरचं ठरलेलं कार्य आम्ही आमच्या मांडवात कसं उरकू?’ वर्तमानपत्रातल्या पोरीकडे गेले. ती म्हणाली, ‘आजी, बंदी घातली तर बातमी होते. पुढे ढकलल्याची चौकट होते, तीही जागा उरली तर.’ आणि तुझी ती मंडळाची अध्यक्ष मुलगी, ती तर रडकुंडीला आली होती.

कुलगुरू : माझ्याकडेही आली होती. म्हणाली, ‘मॅडम, नाही म्हणा ना. नाही म्हटलंत तर आम्ही दारात बसू. पुढे ढकललं म्हणून दारात कसं बसायचं?’

आत्या : मग? पोरीला कळतं ते तुला कळत नाही?

कुलगुरू : मला सगळं कळतं गं. कळून काही होत नाही. साहेब, तुम्ही सांगा तिला. नकार कसा देतात ते.

कुलसचिव : बाई, तशी प्रथा आमच्याकडे नाही.

कुलगुरू : प्रथा सोडा, नियम सांगा.

कुलसचिव : नियमाने भाषण नाकारायला कारण लागतं, आणि कारणं दोनच. एक, शांततेला धोका. ते पोलिसांनी कळवावं लागतं. मी विचारलं. त्यांनी कळवलं, धोका नाही. सरांना मानणारी मुलं आहेत, ती फार तर व्यासपीठाकडे पाठ करून उभी राहतील म्हणे.

कुलगुरू : त्यांनाही तो हक्क आहे.

कुलसचिव : हो. तेव्हा ते कारण गेलं. मग उरतं दुसरं. भाषणातला मजकूर असत्य आणि बदनामीकारक असल्याची कुलगुरूंची खात्री झाली आहे, असं त्यांनी स्वतःच्या सहीनिशी लिहायचं.

आत्या : म्हणजे...

कुलगुरू : म्हणजे मी लिहून द्यायचं की तू खोटं बोलतेस. सरांनी फाटक उघडलं नाही. मग कुणी उघडलं ते वेगळं लिहायला नको. ते सगळ्यांना पाठ आहेच.

आत्या : दादानं.

कुलगुरू : सांग, करू सही? तुला नकार मिळेल, वाचनालयात भाषण होईल, आणि समोरचा कुणी तरी उठून माझा कागद वाचून दाखवेल. ‘त्यांच्या मुलीनंच लिहिलंय हे.’

आत्या : मग परवानगी दे. सोपं आहे.

कुलगुरू : दुसऱ्या कुणाचा बाप असता तर पहिल्याच दिवशी दिली असती. पाठ करून उभे राहिले असते त्यांनाही चहा पाजला असता. पण माझा आहे. म्हणतील, खुर्ची मिळाली आणि हिनं बापाचं नाव धुऊन घेतलं. आत्या, तू काय बोललीस ते कुणी ऐकणारच नाही. ज्यांनी खरं मानलं असतं तेही म्हणतील, पढवलेलं आहे. एकदाच बोलायचं आणि तेही वाया घालवायचं?

आत्या : मग तू बाजूला हो. दुसऱ्याला ठरवू दे.

कुलगुरू : झाले मी बाजूला. पहिल्याच वेळी. निर्णय प्र-कुलगुरूंकडे दिला.

आत्या : मग?

कुलसचिव : त्यांचे डोळे आलेत, बाई.

आत्या : केव्हापासून?

कुलसचिव : फाइल गेल्यापासून.

कुलगुरू : हसू नकोस. परत आली ती माझ्याकडेच. राजीनाम्याचाही विचार करून झालाय माझा, तू म्हणण्याआधी सांगते. साहेब, मी आज गेले तर काय होईल?

कुलसचिव : नवे कुलगुरू येईपर्यंत सर्व कार्यक्रम स्थगित राहतात, मॅडम. आणि नवे आले की पहिल्या वर्षी जुने वाद उघडत नाहीत.

आत्या : भिजत घोंगडं. मी गेल्यावरही वाळायचं नाही.

कुलगुरू : सरांचा मुलगा आला होता. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर आहे तो. मला वाटलं, धमकी देईल. बरं झालं असतं. पण तो तिथे, त्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘ताई, तुमच्या आत्या खोटं बोलणार नाहीत, मला माहीत आहे. बोलू द्या त्यांना. फक्त माझी आई आहे तोवर थांबा. ती फोटोला रोज नमस्कार करते. फार दिवस नाही राहिले तिचे.’

आत्या : तू काय म्हणालीस?

कुलगुरू : काय म्हणणार? पाणी दिलं.

आत्या : म्हणजे शर्यत लावलीत म्हणा ना. तिकडे त्याची आई, इकडे माझा दादा. जो आधी जाईल त्याची बाजू हरली. आणि तू मधे शिट्टी घेऊन उभी.

कुलगुरू : असं बोलू नकोस गं.

आत्या : दुसरं कसं बोलू? त्या बाईचं मी काही वाईट चिंतत नाही. तिचा नवरा राक्षस होता असंही मी म्हणणार नव्हते. पुढच्या फाटकाशी शेकड्यांनी पोरं होती आणि समोर बंदुका. त्यानं विचार केला असेल, तिघं देऊन टाकले की बाकीचे वाचतात. वाचलेही. ते मी भाषणात लिहिलंय, तसंच्या तसं. मला एवढंच म्हणायचं होतं की कुलूप त्यांनी काढलं, दादानं नाही. सगळ्या भाषणात वाक्य म्हणावं असं हे एकच आहे. बाकी सगळी भर.

कुलगुरू : सरांनाही असंच वाटलं असेल का? सगळ्या बाजूंनी बघून झालं, आणि हाच एक रस्ता उरला, असं?

आत्या : वाटलं असेल. शहाण्या माणसांना असंच वाटतं. आणि साखळी वाजू नये याचीही ती काळजी घेतात.

कुलसचिव : मॅडम, चहा सांगू का?

आत्या : नको रे बाबा. मी निघते. चिमे, एक राहिलंच सांगायचं. दादा सभागृहात बसलाय.

कुलगुरू : कुठे?

आत्या : सभागृहात. पुढच्या रांगेत.

कुलगुरू : बाबा? इथे? अगं, ते विद्यापीठात पाऊल ठेवत नाहीत. मी पदभार घेतला त्या दिवशीसुद्धा आले नव्हते. म्हणाले, ‘फाटकाबाहेर उभा राहतो, तू आत जाताना दिसशील.’ आणि खरंच राहिले होते.

आत्या : आज आला. सकाळपासून तयार होऊन बसला होता. निरोप आला तेव्हा आमची गाडी पुढच्या फाटकातून आत वळत होती. तो खिडकीची काच खाली करून बघत होता. मला ‘गाडी मागे वळवा’ असं म्हणवलं नाही. सभागृहाचं दार उघडं होतं, तुमच्या कामामुळे. त्याला बसवलं आणि इकडे आले.

कुलगुरू : तू सांगितलं नाहीस त्यांना?

आत्या : तीन वेळा मीच सांगितलं. घरी. बशीत बिस्किटं ठेवून, हळूच. आता माझ्यानं होत नाही. तू सांग. मी गाडीत बसते.

(सभागृह. मागच्या रांगांतून स्क्रू काढल्याचा आवाज. पुढच्या रांगेत वडील एकटे बसले आहेत. मुलगी शेजारी येते.)

वडील : आलीस? ये. त्या खुर्चीवर नको, माझी टोपी आहे तिथे. जागा धरलीय. इकडे बस.

मुलगी : कुणासाठी धरलीय, बाबा?

वडील : काय?

मुलगी : कुणासाठी? जागा?

वडील : तो येतोय. आमच्या तिघांतला. एकच उरलाय आता, दुसरा मागेच गेला. मंडळाच्या मुलांनी त्याला फोन केला होता. ‘येतो’ म्हणाला म्हणे. दुसरं काही बोलला नाही. पण येतो म्हणाला. लांबून यायचंय, उशीर होईल त्याला.

मुलगी : बाबा, त्यांनाही निरोप गेला असेल.

वडील : हो, हो. म्हणून तर धरलीय. जरा कानाशी बोल. यंत्र तुझ्या आत्याच्या पर्समध्ये राहिलं. गाडीत काढलं होतं, कान खाजतो फार.

मुलगी : आणू का?

वडील : राहू दे. ती येईलच आता भाषणाला. ही माणसं भली आहेत हं. मागून खुर्च्या काढत पुढे येतायत. मला म्हणाले, ‘आजोबा, तुमची शेवटी काढू.’ मी म्हटलं, आता भाषण आहे, काढता कशाला? तर म्हणाले, ‘काढायला सांगितलंय. परत कधी लावायच्या ते सांगितलेलं नाही.’ तुमच्याकडे कामं अशीच सांगतात का?

मुलगी : हो.

वडील : बाहेर सरांचा फोटो बघितला. मोठा केलाय. हात केवढे पसरलेत! मी पहिल्यांदाच बघितलं ते. मी तेव्हा गाडीत होतो ना.

मुलगी : बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय.

वडील : सांग की.

मुलगी : आज भाषण नाही.

वडील : हं?

मुलगी : भाषण. आज नाही. पुढे ढकललंय.

वडील : पुन्हा?

मुलगी : पुन्हा.

वडील : खुर्च्यांमुळे?

मुलगी : नाही. खुर्च्यांमुळे नाही.

वडील : मग कुणी ढकललं?

मुलगी : मी.

वडील : तू?

मुलगी : मी, बाबा.

वडील : अच्छा. तू ढकललंस म्हणजे काहीतरी असेल. उगाच नाही करायचीस तू. लहानपणापासून तुझं प्रत्येक गोष्टीला कारण असायचं. दुकानात यायचीस, आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो, ही बोलायला लागली की माझी सुट्टी. आठवतं?

मुलगी : आठवतं.

वडील : तुझी आत्या रागावली असेल.

मुलगी : रागावली. ती बरोबर आहे.

वडील : ती बरोबरच असते. त्याचाच त्रास आहे. पण तो येऊन परत जाईल गं. एवढ्या लांबून. त्याला काय सांगशील?

मुलगी : मला माहीत नाही.

वडील : हं. मग असं कर. आत्या सगळं मिळून जे म्हणणार होती, त्यातलं एक वाक्य तू म्हण. उभी राहू नको, व्यासपीठावर जाऊ नको. इथेच बसून. मग जाऊ आपण. यांनाही खुर्ची काढायची आहे.

मुलगी : मी संध्याकाळी घरी येते ना. घरी बोलू आपण.

वडील : घरी मला ठाऊक आहे सगळं. घरी तुझी आत्या रोज सांगते. भाजी निवडता निवडता सांगते. इथे कुणी सांगितलेलं नाही. आणि तू इथली सगळ्यात मोठी आहेस. एकदा तुझ्या तोंडून ऐकलं की झालं. भाषण काय, होईल तेव्हा होईल.

मुलगी : (मागे उघड्या दाराकडे बघते.)

वडील : नाही जमत तर राहू दे.

मुलगी : फाटक तुम्ही उघडलं नव्हतं.

वडील : काय म्हणालीस?

मुलगी : मागचं फाटक. तुम्ही नव्हतं उघडलं, बाबा. सरांनी उघडलं.

वडील : ओठ हललेले दिसले. शब्द नाही आले. तो स्क्रूचा आवाज आहे ना मधे. जरा मोठ्यानं म्हण, चिमे.

मुलगी : दार उघडं आहे, बाबा.